बादलीभर ऊन पाणी

डिसेंबरचा मध्य जवळ आला की धुळ्याच्या किमान तापमानाला वृत्तपत्रांत मानाचे स्थान प्राप्त होते. एरवी चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशात पारा सात-आठ अंशांपर्यंत, एखाद्या वर्षी पाच-सहा अंशांपर्यंतही उतरतो, आणि धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातील नोंद दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर चर्चेचा विषय होते. योगायोग असा की राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनही १४ डिसेंबरलाच येतो. शाळाशाळांतून त्या दिवशी फलक रंगविले जातात, फेऱ्या निघतात, आणि खोलीतून बाहेर पडताना दिवा व पंखा बंद करावा असा उपदेश विद्यार्थ्यांना केला जातो. उपदेश चांगलाच आहे. मात्र धुळ्या-जळगावात डिसेंबरच्या मध्यास पंखा मुळात चालूच नसतो आणि दिव्याला लागणारी वीज आता नगण्य झाली आहे. त्या दिवशी सकाळी सहा वाजता घरोघरी जी ऊर्जा खरोखर खर्च होत असते, तिचा उल्लेख कोणत्याही फलकावर सहसा आढळत नाही. ती ऊर्जा न्हाणीघरातील बादलीत असते.

थंड देशांत घर उबदार ठेवण्याचा खर्च हा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या अंदाजपत्रकातील एक मोठा रकाना असतो. तेथील शासने त्यासाठी अनुदाने देतात, भिंतींना उष्णतारोधक अस्तरे लावण्याच्या योजना आखतात. खानदेशात घर तापविण्याचा प्रश्न उद्भवत नाही. दोन महिन्यांची थंडी गोधडी, स्वेटर आणि अंगणातील शेकोटी यांवर निभावून जाते. त्यामुळे 'आपल्याकडे उष्णतेसाठी खर्चच होत नाही' असा समज रूढ झाला आहे आणि तो चुकीचा आहे. येथील घरात उष्णतेसाठी दोनच ठिकाणी खर्च होतो, स्वयंपाकात आणि अंघोळीच्या पाण्यात; परंतु तो वर्षभर होतो आणि त्यातील दुसऱ्या भागाचा हिशेब जवळजवळ कोणीच मांडत नाही.

हा हिशेब मांडण्यास शालेय विज्ञानापलीकडचे ज्ञान लागत नाही. एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. पहाटे टाकीतील पाणी अठरा अंशांवर आहे आणि अंघोळीसाठी ते त्रेचाळीस अंशांवर न्यावयाचे आहे असे धरल्यास वीस लिटरच्या बादलीला पाचशे किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या एका युनिटातून ८६० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे एका बादलीस अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक, नेमके सांगावयाचे तर ०.५८ युनिट वीज लागली. हा आकडा प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटतो. तथापि तेवढ्याच विजेवर ७५ वॉटचा जुना छताचा पंखा पावणेआठ तास फिरतो आणि नऊ वॉटचा एलईडी दिवा साठ तासांहून अधिक काळ जळतो. ज्या घरात मुलाने अभ्यास सोडून जाताना दिवा तासभर चालू ठेवला म्हणून बोलणी खावी लागतात, त्याच घरात एक बादली पाणी तापून, विसरले जाऊन, निवून पुन्हा तापविले जाते आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढीत नाही.

चार माणसांच्या कुटुंबाच्या चार बादल्या धरल्या तर महिन्याला सुमारे सत्तर युनिटे होतात. महावितरणच्या घरगुती दरांची रचना अशी आहे की पहिल्या शंभर युनिटांचा दर तुलनेने सौम्य असतो आणि शंभराच्या पुढील युनिटांना तो एकदम चढा, ढोबळमानाने दुप्पट होतो. दिवे, दूरदर्शन संच, शीतकपाट यांवर नव्वद-शंभर युनिटे वापरणाऱ्या कारकुनाच्या किंवा प्राथमिक शिक्षकाच्या घरात गीझरची सत्तर युनिटे जवळजवळ पूर्णपणे या चढ्या दरात जाऊन पडतात. हिवाळ्यात पंखे बंद असूनही बिल का उतरत नाही, या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर बहुधा येथे सापडते. गॅसवर पाणी तापविणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे. शेगडीत होणारी घट जमेस धरल्यास एका बादलीला सत्तर ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो, १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये अशा सुमारे दोनशे बादल्या होतात. चार माणसांच्या अंघोळीसाठीच एक सिलिंडर पन्नास दिवसांत संपतो.

येथवरचा विचार केवळ कुटुंबाच्या खिशाचा झाला. प्रश्नाची दुसरी बाजू भुसावळजवळ दीपनगर येथे दिसते. तेथील औष्णिक विद्युत केंद्रात पाचशे मेगावॉटचे दोन संच उभारले गेले, त्यानंतर ६६० मेगावॉटचा संच आला. थंडीच्या सकाळी महामार्गाने जाणाऱ्या प्रवाशाला शीतकरण मनोऱ्यांच्या डोक्यावर पांढऱ्या वाफेचे ढग तरंगताना दिसतात. अनेकजण त्याला धूर समजतात. वास्तविक ती कोळशातून निघालेली, परंतु विजेत रूपांतरित होऊ न शकलेली उष्णता आहे. कोळशातील एकूण उष्णतेपैकी ढोबळमानाने एक-तृतीयांश भागाचीच वीज होते; उरलेली मनोऱ्यांतून आणि धुराड्यातून आकाशात जाते. यात तेथील अभियंत्यांचा दोष नाही, उष्णतेचे यांत्रिक शक्तीत रूपांतर करण्यावर निसर्गानेच ही मर्यादा घातली आहे. दिवा, पंखा, पिठाची गिरणी, संगणक यांसाठी ही किंमत मोजणे अपरिहार्य आहे, कारण ती कामे उष्णतेने होत नाहीत. परंतु हजारो अंश तापलेल्या भट्टीतील उष्णतेची दोन-तृतीयांश नासाडी सोसून वीज निर्माण करावयाची, ती तारांतून शेकडो मैल न्यावयाची, वाटेत आणखी गळती सोसावयाची, आणि शेवटी जळगावच्या एखाद्या न्हाणीघरात त्या विजेची पुन्हा उष्णता करून पाणी कोमट करावयाचे, याला काटकसर कोणत्या अर्थाने म्हणावे? एका बादलीमागे अर्ध्या किलोच्या आसपास दगडी कोळसा जळतो. जळगावच्या गीझरची वीज दीपनगरचीच असते असे अर्थातच नाही; विजेचे जाळे एकच असते आणि कोठली वीज कोठे गेली हे सांगता येत नाही. परंतु पहाटे सहा वाजता त्या जाळ्यात सूर्याची वीज नसते एवढे मात्र निश्चित. साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे २०१३ साली कार्यान्वित झालेला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प धुळे जिल्ह्याला भूषणावह आहे. तथापि ज्या वेळी धुळेकर गीझरची कळ दाबतो, त्या वेळी साक्रीच्या माळावर अद्याप उजाडलेले नसते.

जुन्या घरांत हा विवेक उपजत होता. चुलीला वैल असे. मुख्य तोंडावर भाकरी भाजली जात असताना मागे जाणारी आच वैलावरील पाण्याच्या वा दुधाच्या भांड्याला मिळे. एकाच जाळावर दोन कामे होत. तांब्याच्या बंबात मधोमध नळी असे आणि भोवताली पाणी, त्यामुळे चिपाडे, कणसांची बुरखुंडे, लाकडाच्या ढलप्या असल्या फुटकळ जळणाची उष्णताही बाहेर जाण्यापूर्वी पाण्याला स्पर्शून जाई. बाळ-बाळंतिणीसाठी पाण्याचे घंगाळ दुपारपर्यंत अंगणात उन्हात ठेवण्याची रीत होती. मराठीत तापलेल्या पाण्याला 'ऊन पाणी' म्हणतात. त्या शब्दाची व्युत्पत्ती काहीही असो, घंगाळातील पाण्याला तो अक्षरशः लागू पडत असे. धाब्याच्या घराचेही तसेच. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, लाकडी सऱ्यांवर मातीचे थर, पावसाळ्यापूर्वी वर खारी मातीचा लेप, आणि आत मे महिन्यात गारवा व पौषात ऊब. आज त्यांच्या जागी सिमेंटची छते आली, जी उन्हाळ्यात रात्री अकरापर्यंत तापलेली राहतात आणि हिवाळ्याच्या पहाटे बर्फासारखी गार पडतात. मात्र जुन्याचा गौरव करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. त्या चुलीपुढे बसून डोळे चोळणारी स्त्री हिशेबात धरली गेली नव्हती. चुलीत उष्णतेचा दहावा हिस्सा जेमतेम भांड्याला लागे. उरलेली उष्णता हवेत जाई आणि धूर तिच्या छातीत जाई.

ती स्त्री आजही तेथेच आहे, हे शहरात राहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. जळगाव आणि धुळे हे कापसाचे जिल्हे असल्याने येथील खेड्यांचे जळण म्हणजे पऱ्हाट्या. कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या उपटून बांधावर वा घरामागे रचल्या जातात आणि वर्षभर चुलीत जातात. जळगावच्या ज्या भरताचे कौतुक मुंबई-पुण्यापर्यंत होते, त्याची वांगीही परंपरेने पऱ्हाट्यांच्या जाळावरच भाजली जातात. परंतु या ढिगात नुसते जळण नसते. उरलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात शेतात परतते. २०१७ सालच्या हंगामात या अळीने महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांना हवालदिल केल्यानंतर कृषी खात्याने पऱ्हाट्या शेतात वा बांधावर साठवू नयेत, त्यांचा वेळीच नायनाट करावा असे वारंवार बजावले. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. मात्र जो ढीग कृषी अधिकाऱ्याला किडीचे आगर दिसतो, तो शेतमजुराच्या पत्नीला सहा महिन्यांचे इंधन दिसतो. या दोन दृष्टींची सांगड घालण्याचा प्रयत्न क्वचितच होतो. पऱ्हाट्यांचा लागलीच भुगा करून त्याच्या कांड्या कराव्यात किंवा त्यांचा कोळसा करावा हे मार्ग ज्ञात आहेत. पुण्याच्या 'आरती' संस्थेने उसाच्या पाचटाचा कोळसा करण्याची रीत विकसित केली आणि त्याबद्दल तिला २००२ साली आंतरराष्ट्रीय ॲशडेन पुरस्कारही मिळाला. खेड्यातील चुलीपर्यंत मात्र असली साधने अभावानेच पोहोचतात.

शासनाने प्रयत्न केलेच नाहीत असे म्हणता येणार नाही. १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि तो जवळजवळ दोन दशके चालला. त्यात देशभर कोट्यवधी चुली बसविल्या गेल्याची नोंद झाली. नोंद चुली बसविल्याची होती; त्या पेटल्या किती, धुराडे तडकल्यावर ते दुरुस्त कोणी केले, याची नव्हती. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि गॅसची जोडणी खरोखरच गरिबाच्या घरापर्यंत गेली. हा बदल लहान नाही. परंतु जोडणी मिळणे आणि सिलिंडर पुन्हा भरून आणणे परवडणे यांत अंतर असते. त्यामुळे बहुसंख्य घरांत गॅस आणि चूल ही दोन्ही नांदतात, आणि त्यांची कामे वाटून घेतलेली असतात. चहा, भाजी, पाहुण्यांचे जेवण गॅसवर. अंघोळीचे पाणी चुलीवर. स्वयंपाक चुलीवरून उठला तरी पाण्याचे पातेले उठत नाही. शहरातील वीजबिलाचा आणि खेड्यातील धुराचा प्रश्न असा एकाच बादलीपाशी येऊन मिळतो.

यावर सर्वांत सरळ उपाय डोक्यावर तळपत असतो. खानदेशात पावसाळ्याचे काही आठवडे सोडले तर आकाश निरभ्र असते, आणि हिवाळ्यात, म्हणजे ऊन पाण्याची गरज सर्वाधिक असते तेव्हा, ते अधिकच स्वच्छ असते. दोन चौरस मीटर पृष्ठभागाचा सौर बंब दिवसाला शंभर लिटर पाणी चांगले तापवितो. थंड पाणी मिसळून ते चार-पाच माणसांना पुरते. त्यातील खरी करामत तापविण्यात नसून साठविण्यात आहे. दुपारचे ऊन उष्णतारोधक टाकीत रात्रभर राहते आणि पहाटे सहाला हाती येते. सूर्याची वीज साठविण्यासाठी जी महागडी साधने लागतात, त्यांच्या तुलनेत आवरण घातलेली पाण्याची टाकी ही अत्यंत स्वस्त साठवण होय. उन्हाचा उपयोग करण्याची परंपराही या भागाला परकी नाही. धुळ्याचे प्रा. अजय चांडक यांनी 'प्रिन्स' या नावाने अन्वस्ताकार सौर चुली विकसित केल्या, त्या आश्रमशाळांसारख्या सामुदायिक स्वयंपाकघरांचा विचार करून. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ साली ७३ परावर्तक तबकड्यांची वाफेवर स्वयंपाक करणारी यंत्रणा उभी राहिली, ती तर देशभर गाजली.

मग घरोघरी सौर बंब का दिसत नाहीत? लोकांत जागृती नाही, हे या प्रश्नाचे ठरीव उत्तर आहे. ते आळशी उत्तर आहे. खरी कारणे साधी व व्यावहारिक आहेत. पहिले कारण नळाचे. धुळ्या-जळगावात नळाला रोज पाणी येईल याचा भरवसा नसतो. गच्चीवरील टाकी कोरडी पडली की बंबही कोरडा पडतो. दुसरे पाण्याच्या जडपणाचे. कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी नळ्यांत पांढरा थर धरते आणि दोन-तीन वर्षांत बंबाचा दम उतरतो; तो साफ करणारा जाणता कारागीर मिळणे बंब मिळण्याहून अवघड असते. तिसरे कारण सर्वांत मोठे. गच्ची कोणाची? देवपुरात किंवा जळगावच्या पिंप्राळ्यात दोन खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या शिक्षकाला छतावर खिळा ठोकण्याचाही अधिकार नसतो. भाडेकरू वीजबिल भरतो, म्हणून मालकाला बंब बसविण्यात स्वारस्य नाही. मालक गच्ची देत नाही, म्हणून भाडेकरूला इच्छा असून उपयोग नाही. २०२४ साली सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत छतावरील सौर विजेसाठी तीन किलोवॉटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठेवले गेले. ते अर्थातच छत ज्याचे त्याला मिळते. ऊर्जाबचतीचे बहुतेक सारे उपाय स्वतःचे घर असलेल्यांसाठी आहेत आणि बचतीची निकड मात्र भाड्याने राहणाऱ्यांना अधिक आहे, ही विसंगती कोणत्याही ऊर्जा संवर्धन दिनाला सुचत नाही. वसतिगृहे, रुग्णालये यांसारख्या इमारतींना सौर पाणीतापकाची तरतूद करण्याचे बंधन बांधकाम नियमावलीत आहे. परंतु शिक्षणासाठी शिरपूर-चोपड्याहून आलेला विद्यार्थी ज्या खोलीत राहतो ती नियमावलीच्या दृष्टीने वसतिगृह नसतेच. तो बाजारातून तीनचारशे रुपयांची हीटरची कांडी आणतो, प्लास्टिकच्या बादलीत सोडतो आणि ओल्या फरशीवर उभा राहून पाणी तापले की नाही हे बोट बुडवून पाहतो. यात जिवाची किंमत पणाला लागते; विजेचा हिशेब त्यापुढे गौण आहे. कांडी बंद करून प्लग काढल्याखेरीज पाण्याला हात लावू नये, हे वाक्य प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर हवे.

स्वयंपाकघराबद्दल फार लिहिण्याची आवश्यकता नाही, कारण ते काम १९७८ साली स्थापन झालेल्या पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्थेने उत्तम रीतीने केले आहे आणि गृहिणींना ते तोंडपाठ आहे. डाळ भिजत घालावी, भांड्यावर झाकण ठेवावे, प्रेशर कुकर वापरावा, ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ देऊ नये. एकच गोष्ट अद्याप पुरेशी रुजलेली नाही. पाणी एकदा उकळू लागले की आच वाढवून त्याचे तापमान वाढत नाही. फक्त वाफ अधिक होते. उकळी फुटल्यावरही मोठ्या आचेवर रटरटणारी आमटी लवकर शिजत नाही, लवकर आटते एवढेच. हे पदार्थविज्ञान आठवीच्या पुस्तकातून स्वयंपाकघरात अजून पोहोचावयाचे आहे.

गच्ची नसलेल्यांच्या हाती काय उरते, हा प्रश्न शिल्लक राहतो. बरेच काही उरते. गीझरची कळ साठ-सत्तर अंशांवरून पंचेचाळीस-पन्नासवर आणणे, तो रात्रभर चालू न ठेवता अंघोळीपूर्वीच लावणे, आणि घरातील अंघोळी लागोपाठ उरकणे यांस पैसा लागत नाही. याहूनही परिणामकारक गोष्ट अशी की पाणी कोणत्या वेळी भरून घेतले, यावर त्याचा खर्च ठरतो. गच्चीवरील काळी टाकी जानेवारीतही दिवसभर उन्हात असते. दुपारी चारला तिच्यातील पाणी पहाटेच्या पाण्याहून स्पष्टपणे उबदार असते. रात्रीत ती ऊब आकाशात निघून जाते आणि सकाळी तेच पाणी, गमावलेली उष्णता विकत घेऊन, पुन्हा तापविले जाते. पंचवीस अंशांनी तापवावयाच्या पाण्यात सुरुवातीचा प्रत्येक अंश म्हणजे खर्चाचा चार टक्के हिस्सा. दुपारी पंचवीस अंशांवर असलेले पाणी झाकणाच्या पिंपात भरून, त्याला जुन्या गोधडीचे वेष्टण घालून घरात ठेवले आणि पहाटे ते अठराऐवजी बावीस-तेवीस अंशांवर मिळाले, तर खर्चाचा सहावा-पाचवा हिस्सा केवळ वेळ साधल्याने वाचतो. नोकरदारांना सकाळी सहालाच अंघोळ उरकावी लागते. परंतु म्हातारी माणसे, लहान मुले आणि दुपारी घरी असणाऱ्या स्त्रिया यांना पहाटेच्या अंघोळीची सक्ती घड्याळापेक्षा रूढीनेच अधिक केलेली आहे. खेड्यात तर उन्हातल्या घंगाळाचा विसर पडून फार काळ लोटलेला नाही. काळा रंग दिलेले पसरट भांडे आणि वर एक काच एवढ्यावर ते पुन्हा अंगणात येऊ शकते.

हे आकडे कोणी विश्वासाने स्वीकारावेत अशी अपेक्षा नाही. ते पडताळून पाहण्यास एक तापमापक, एक बादली आणि विजेच्या मीटरवरील आकडा एवढेच साहित्य लागते. दोन बादल्या, एक दुपारी भरलेली व झाकलेली, दुसरी पहाटे टाकीतून काढलेली, शेजारी शेजारी ठेवून आठवडाभर नोंदी करणे हा नववीच्या वर्गाला सहज जमणारा प्रयोग आहे. तापमापक बहुतेक शाळांच्या प्रयोगशाळेच्या कपाटात असतो. किल्ली शिक्षकांकडे असते, आणि १४ डिसेंबरचा कार्यक्रम आखण्याचे कामही बहुधा त्यांच्याकडेच असते.